उत्तरेच्या बोटीचा महिना

भोंऽऽऽऽ!

…हसू नका. तुम्हाला गंमत वाटते, पण पन्नास वर्षं होत आली, तो आवाज माझ्या कानातून काही जात नाही. आणि मी तोंडानं काढला तो त्याच्या निम्मासुद्धा नाही! खरा आवाज जव्हारच्या माळावरून निघायचा, दरीत उतरायचा, आमच्या पाड्यावरून फिरायचा, कोंबड्या पाटीखाली शिरायच्या, काळ्यामामाची म्हैस दावं तोडायला बघायची, आणि पाड्यातली झाडून सगळी माणसं हातातलं काम टाकून एकाच माणसाकडे बघायची. माझ्याकडे! कारण तो भोंगा माझ्यासाठी असायचा. गोवर्धनशेठना माझी आठवण झालेली असायची. आणि मला ठाऊक असायचं, आता टेकडी चढायची, शेठच्या ओटीखाली उभं राहायचं, आणि शेठ एकच विचारणार…

"बोल माघ्या, महिना कुठला?"

मी तसा कमी बोलणारा माणूस, तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या पोटातला शब्द ओठापर्यंत यायला वेळ लागतो. वाटेत बसतो, विडी ओढतो, मग येतो. पण आज बोलतोय तर बोलू द्या, कारण एकदा थांबलो की परत सुरू व्हायला पुढचा पावसाळा उजाडेल. आणि ही जी माझी फजिती झाली ना, ती ह्याच एका खोडीपायी झाली… मला 'नाही' म्हणायला उशीर लागतो.

संस्थानचे दिवस ते. मोठी लढाई अजून दोन-तीन वर्षं लांब होती. मी वीस-बावीसचा असेन, कोणी लिहून ठेवलंय? गोवर्धनशेठ म्हणजे जव्हार गावातले लाकडाचे ठेकेदार. साग तोडायचा, गाड्यांवर चढवायचा, डहाणूच्या बंदराला लावायचा, हा त्यांचा धंदा. आमचा पाडा गावाखालच्या उतारावर, आणि दिवाळी सरली की पाड्यातला प्रत्येक हात शेठच्या कुऱ्हाडीला. म्हणजे शेठनी बोलावलं आणि आपण गेलो नाही, असं होतच नसे.

तर एका माघ महिन्यात मुंबईचा कोणी लाकूडवाला साहेब शेठकडे येऊन गेला, आणि जाताना दोन वस्तू ठेवून गेला. एक हा पितळी भोंगा, बोटीवर धुक्यात वाजवतात तसला. दुसरं एक गुळगुळीत पानांचं पुस्तक. त्यात चित्रं! उत्तरेकडे, म्हणजे किती उत्तरेकडे… नाशिकच्या पुढं, दिल्लीच्या पुढं, विलायतेच्याही वर, जिथं जमीन संपते तिथं म्हणे एक बोट जाते. माल आणायला नाही हं, नुसती बघायला जाते! डोंगरांच्या मधून समुद्र आत शिरलाय, पाण्यावर बर्फाचे सुळके तरंगतायत, पांढरी अस्वलं, घराएवढे मासे, आणि मैलोगणती घर नाही, चूल नाही, माणूस नाही. आता काहीच नाही ते बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? आमच्या वावर गावाकडच्या डोंगरात काय थोडं काही नाही? पण हे मी मनात म्हटलं. मनातच.

शेठ मात्र त्या पुस्तकानं पार खुळावले. साठीला टेकलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाही, तो म्हणतो बर्फावर चालेन! मला बोलावलं आणि म्हणाले, "माघ्या, रान आहे रे सगळं, रान! रानात जायचं तर बरोबर रानातला माणूस हवा. हे आमचे वामनराव काय कामाचे? दौतीत पडले तरी बुडतील." वामनराव म्हणजे शेठचे कारकून, इंग्रजी वाचता येणारे, पेटीमागे बसलेले, ते खाली मान घालून हसले. "तू रानातला. तुला वारा कळेल, वाट कळेल, अस्वलाच्या मनात काय आहे ते कळेल. येशील ना माझ्याबरोबर?"

मी काय म्हणणार होतो? "नाही शेठ" म्हणणार होतो! तुमची शपथ. निघालेला होता तो 'नाही'. छातीपर्यंत आला होता. पण मी आपला तोंड उघडून उभा, आणि शेठ टाळी वाजवून म्हणाले, "बघा वामनराव, नाही म्हणाला नाही! ठरलं!"

ठरलं म्हणे!

"आता फक्त एवढंच राहिलं," शेठ पुस्तक माझ्या नाकाशी धरून म्हणाले, "ह्यात लिहिलंय की प्रत्येक महिन्याचं रान वेगळं. चांगला महिना निवडून जावं. मग? बोल माघ्या, महिना कुठला?"

तुम्ही म्हणाल, जायचंस की लेका, फुकटात बर्फ बघून आला असतास. अहो गेलो असतो! पण मी बांधलेला होतो. काळ्यामामाच्या दारात, म्हशीच्या शेजारी, तिच्यापेक्षा घट्ट.

काळ्यामामाची पोर हिरी. आता तिच्याविषयी काय सांगू… आवणीच्या चिखलात भाताची रोपं लावताना ती माझ्या पुढं सरकत जायची, आणि मागं न बघता बोलायची, "कोण आहे रे मागं? माणूस आहे का बुजगावणं?" बस, तेवढ्यावर मी गेलो. पण आमच्यात पोरीसाठी बापाला देज द्यावी लागते, आणि माझ्याकडे ना आई, ना बाप, ना बैल. मग दुसरी वाट. पोरीच्या बापाच्या घरी राहायचं आणि राबायचं. तीन वर्षं! दिवाळीच्या तोंडावर आम्ही वाघदेवाला नारळ फोडतो, त्या वाघबारशीला सुरुवात, आणि तीन वर्षांनी वाघबारशीलाच शेवट. मग लग्न. काळ्यामामानं पंचांसमोर सांगितलं होतं, "आजारी पडला, माफ. सणाला नाचला, माफ. पण बाकी इकडेतिकडे करून सगळा मिळून एक महिना बाहेर गेला, तर मोजणी पहिल्यापासून. कबूल?" तेव्हाही मी तोंड उघडून उभा होतो. कबूल धरलं.

काळ्यामामाला अक्षर येत नव्हतं, पण त्याची मागची कुडाची भिंत होती. रोज दिवस मावळता तांदळाच्या पिठात बोट बुडवायचा आणि भिंतीवर एक रेघ ओढायचा. पुरा दिवस राबलो तर पुरी रेघ. अर्धा दिवस राबलो तर अर्धी. त्या माघात माझी दोन वर्षं सरून तिसरं चालू होतं. अर्ध्याहून जास्त भिंत पांढरी झाली होती, आणि मी भाकर खाताना तोंड भिंतीकडे करून बसायचो. दुसऱ्या कोणाला भिंत बघून पोट भरलेलं मी ऐकलेलं नाही.

आता बघा कसा अडकलो. बोटीला म्हणे जायला-यायला चार-पाच महिने. गेलो तर भिंत गेली, हिरी गेली. आणि जामसरचा तो लाडक्या टपलेलाच होता, दोन बैलवाला, दर बाजाराला काळ्यामामाला तंबाखू देऊन जायचा. नाही गेलो तर शेठ बिघडले, मग दिवाळीनंतर पाड्याला कुऱ्हाड कोण देणार? मी सगळं हिरीला सांगितलं. सांगायला मला सकाळपासून दुपार झाली. तिनं नागलीचं पीठ चाळता चाळता ऐकलं आणि म्हणाली, "अरे दगडा, महिना ठरल्याशिवाय बोट निघते का?"

"नाही."

"आणि महिना कोण ठरवणार?"

"मी."

"मग ठरवू नको ना! वाघबारशीपर्यंत ढकल. एकदा लग्न लागलं की मी बघते तुला कोण नेतो ते."

तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावरून वारा गेला! किती सोपं! मला तर न बोलणंच येत होतं. जे येतं तेच करायचं होतं.

पण नुसतं गप्प राहून शेठ ऐकतात होय? तिसऱ्या दिवशी भोंऽऽऽ! काळ्यामामा म्हणाला, "जा."

"मामा, रेघ?"

"तू जा. शेठ बोलावतो, जायलाच पाहिजे. नाही गेलास तर माझ्या हाताला काम कोण देईल?"

गेलो. दुपारी परत आलो, मोडून राबलो, संध्याकाळी बघतो तर अर्धी रेघ! "मामा, तुम्हीच म्हणालात ना जा?"

"म्हणालो."

"मग?"

"मग तू गेलास. गेलास म्हणून अर्धी."

जा म्हणणारा तोच, रेघ मोडणाराही तोच! आणि त्याच्या तोंडावर राग नाही, हसू नाही, काही नाही. माझ्यापेक्षा कमी बोलणारा पाड्यात तो एकटा. हिरी म्हणाली, "जाऊ दे रे, अर्धी तर अर्धी. चार-दोन अर्ध्यांनी काय होतंय?"

मी महिन्यांच्या मागं लागलो. म्हणजे, त्यांना हाकलायच्या मागं लागलो!

"बोल माघ्या, महिना कुठला? चैत्र?" मला उत्तरेचं काय ठाऊक? मला आमचंच रान ठाऊक. मी म्हटलं, "शेठ, चैत्रात अस्वलाच्या वाऱ्याला उभं राहू नये. मोहाचा सडा पडलेला असतो. अस्वल तो खातं आणि झिंगतं. झिंगलेल्या अस्वलाला शेठ कळत नाही, नोकर कळत नाही."

शेठचा चेहरा पडला. "वामनराव, तिथं मोह असतो?"

वामनरावांनी पुस्तक डोळ्यांशी नेलं, लांब नेलं, पान उलटलं. "तसा उल्लेख नाही. पण नाही असंही कुठं लिहिलेलं नाही."

"मग लिहून घ्या! चैत्र बाद!"

आणि वामनरावांनी वहीत लिहिलं. माझं बोलणं! आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं बोलणं लिहून घेतलं, आणि ते झिंगलेल्या अस्वलाचं!

वैशाखात भलतंच. शेठना वाटलं, बोटीवर थंडी असणार, तर आत्तापासून सवय हवी. शिंप्याकडून घोंगडीचे दोन डगले शिवून घेतले, गळ्यापासून घोट्यापर्यंत, एक त्यांना, एक मला. वैशाख! खाली शेतात पालापाचोळ्याच्या राबाला आग लावलेली, दरीभर धूर, पाखरू सावली सोडत नाही, आणि शेठच्या ओटीवर आम्ही दोघं घोंगडीत गुंडाळून समोरासमोर बसलोय! घाम असा की ओटीवर शेवाळ धरेल. शेठ दात वाजवून दाखवतायत, "हुहुहु… माघ्या, वाटतं का रे थंडी?" मी काय सांगू? 'नाही' म्हणायला निघालो, पण तो 'नाही' वाटेतच घामानं भिजला. शेठ म्हणाले, "बघा, ह्याला वाटायला लागली!" शेवटी शेठना घेरी आली, त्यांच्या बाई विद्युल्लताबाई आतून तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि ते प्यायला न देता डोक्यावर ओतलं. म्हणाल्या, "बर्फ बघायला निघालेत! आधी घरातला माठ बघा, दोन दिवस रिकामा आहे!" वैशाख बाद.

मग ज्येष्ठ. वामनराव चष्मा पुसत म्हणाले, पुस्तकाच्या मतानं हाच चांगला महिना, कारण त्या दिवसांत तिथं सूर्य मावळतच नाही. मावळत नाही म्हणजे? मग गुरं घरी कशी येतात? मी विचारणार होतो, पण विद्युल्लताबाईंनीच पदर खोचला. "ज्येष्ठात वटपौर्णिमा! सात जन्म हेच मिळावेत म्हणून मी इथं उपाशीपोटी फेऱ्या घालायच्या आणि ह्यांनी त्याच महिन्यात तिकडे बुडायचं? असं असेल तर मी वडाला दुसरंच काही मागते!"

"अगं, तू पण चल ना."

"तिथं वड आहे का?"

शेठनी वामनरावांकडे बघितलं. वामनरावांनी पुस्तकाकडे. "वडाचा उल्लेख नाही…"

"…पण नाही असंही लिहिलेलं नाही!" शेठ ओरडले.

"वड असल्याशिवाय मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाही," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. तो महिना मला हाकलावाही लागला नाही. पण त्या वडावर अकरा वेळा बोलावणं आलं हं! भोंऽऽऽ, वडाचं काय करू या? भोंऽऽऽ, कुंडीत नेला तर? भोंऽऽऽ, फांदी चालेल का? आणि खाली पेरणी चाललेली, काळ्यामामा एकटा औताला, मी चिखलात धावत परत यायचो, आणि संध्याकाळी पिठाचं बोट… अर्धी.

आषाढात तर शेठचे मुहूर्त काढणारे जोशीबुवाच रुसले. ते म्हणाले, चातुर्मास लागला, देव निजले, आता प्रवास नाही. शेठही लाकूडवाले, सहज तुटत नाहीत. म्हणाले, "बुवा, देव केव्हा निजतात? रात्र झाली की ना? तिथं रात्रच नाही. म्हणजे तिथले देव जागेच असणार! मग चातुर्मास कुठला?" बुवांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि समोरचं केळ तसंच ठेवून निघाले. केळ ठेवून! तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. पण श्रावण शेठच्या त्याच बोलण्यानं बुडवला. शेठचे श्रावणी सोमवार, दिवस मावळल्याशिवाय अन्नाला शिवायचे नाहीत. आणि तिथं दिवसच मावळत नाही! बोटीवर पहिल्याच सोमवारी बसले की महिनाभर उपाशी! शेठ खांबाला टेकून बसले. "म्हणजे मी जेवायचं कधी?" असं इतक्या बारीक आवाजात म्हणाले की मला कसंतरीच झालं.

कसंतरीच झालं, हे खरं सांगतो. कारण त्याच्या आदल्या आठवड्यात ते मला शिरपामाळावर घेऊन गेले होते. पाऊस थोडा थांबला होता. गुडघे धरत धरत वर चढले, छत्री माझ्या हातात दिली, आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले. समोर काय? डोंगर, त्याच्यामागं डोंगर, त्याच्यामागं ढग. किती वेळ बघत होते. मग म्हणाले, "माघ्या, चाळीस वर्षं मी लाकूड समुद्राकडे पाठवतोय रे. माझी लाकडं समुद्र बघून आली. काही बोटी होऊन त्याच्यावर तरंगतायत. मी मात्र डहाणूलासुद्धा गेलो नाही. आज गाडी, उद्या तोड, परवा दरबारचं बोलावणं… ह्या टेकडीवरून कोणी सोडतच नाही." आणि माझ्याकडे वळून बघितलं. "तू नसतास ना, तर मी कधीच विचार सोडून दिला असता. एवढ्या आपुलकीनं एकेका महिन्याचा धोका कोण सांगतं मला?"

सांगा, मी काय करायला हवं होतं? खरं सांगायला हवं होतं. सांगणार होतो! 'शेठ, मला हिरी हवी, म्हणून मी…' असं सुरू पण केलं मनात. पण पावसाची सर आली, शेठ म्हणाले, "चल चल," आणि माझं खरं तिथंच माळावर भिजत राहिलं.

भाद्रपदात शेठना पितृपक्ष आठवला. वडिलांची तिथी, कावळ्याला घास. "तिथं कावळा आहे का?" वामनराव दोन दिवस भिंग घेऊन चित्रं तपासत होते. एका चित्राच्या कोपऱ्यात बर्फावर काळा ठिपका सापडला. "हा कावळा असू शकेल," ते म्हणाले, "किंवा शाई सांडली असेल." त्यावर चार बैठका! चार भोंगे! खाली भात पोटरीला आलेलं, रानडुकरं शेतात शिरतायत, माचावर राखणीला मी हवा, आणि मी इकडे ठिपक्याला कावळा ठरवतोय! हिरी आता हसायची नाही. मी टेकडीवरून उतरताना दिसलो की म्हणायची, "काय रे, कुठला मेला आज?" मी म्हणायचो, "भाद्रपद." ती म्हणायची, "आता आश्विनच राहिला. तो मेला की आपण सुटलो."

सुटलो! किती गोड शब्द होता तो.

वाघबारस उद्यावर आली. त्या सकाळी मी भिंतीसमोर उभा राहिलो. पांढरी! छपरापासून जमिनीपर्यंत रेघाच रेघा, एक वीतभर जागा तेवढी उरलेली. हिरीनं नवं लुगडं आणून ठेवलं होतं, मडक्यात मोहाची ठेवणीतली होती, मी आंघोळ करायला निघालो… आणि भोंऽऽऽ!

काळ्यामामा म्हणाला, "जा."

मी म्हटलं, जातो. शेवटचंच जातो. उद्या सकाळी मी जावई, मग भोंगा वाजव नाहीतर ढोल वाजव! उड्या मारत चढलो. ठरवलं होतं, आज शेठना खरं सांगून टाकायचं, पायांवर डोकं ठेवायचं आणि म्हणायचं, ज्येष्ठच चांगला, पण मला नका नेऊ, माझं लग्न आहे. बघा, एवढं लांब वाक्य मी वाटेभर घोकलं, ते तुटू नये म्हणून ओळखीच्या माणसालासुद्धा ओ दिली नाही!

शेठ ओटीवर बसले होते. पुढ्यात वामनरावांची वही, बोटभर जाड झालेली. शेठनी मला बस म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा बस म्हटलं! "माघ्या," म्हणाले, "रात्री सगळी वही वाचून काढली. चैत्रातलं झिंगलेलं अस्वल. तो न मावळणारा सूर्य. तो कावळा… शाई नाही रे, कावळाच आहे तो. अरे, चैत्रापासूनचं सगळं रान आलंय ह्यात. आता जाऊन काय बघायचं? आणि खरं सांगू? माझे गुडघे काही बोटीत चढायचे नाहीत. मला माघातच कळलं होतं." पुस्तक मिटलं, फडक्यात बांधलं, आणि वामनरावांना म्हणाले, "कपाटात ठेवा. वरच्या कप्प्यात."

झालं! नऊ महिने मी ज्या बोटीला दोरानं ओढून धरलं, ती निघणारच नव्हती! आणि माझं ते घोकलेलं लांब वाक्य माझ्याच तोंडात राहिलं. शेठकडे बघवेना. मी त्यांच्या पायांना हात लावला आणि उतरलो. पण उतरता उतरता पाय हलके झाले, हो! शेठ सुटले, मी सुटलो, रान मोकळं, उद्या लग्न!

घरी आलो तर काळ्यामामा भिंतीसमोर उकिडवा बसलेला. बोटानं मोजतोय. पुऱ्या रेघा नाही, अर्ध्या! एकेका अर्धीवर बोट ठेवतोय, वीस झाल्या की एक खडा बाजूला. तिसरा खडा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तीन विसा अर्ध्या झाल्या," म्हणाला. "आजची धरून."

"मग, मामा?"

"तीन विसा अर्ध्या म्हणजे दीड विसा पुऱ्या. दीड विसा दिवस म्हणजे महिना." त्यानं तिन्ही खडे उचलून बाजूला टाकले. "महिना बाहेर गेला तर मोजणी पहिल्यापासून. पंचांसमोर बोललो होतो."

"पण मामा… तुम्हीच जा म्हणायचात! आणि एका शब्दानं सांगितलं नाहीत!"

"तू विचारलं नाहीस."

विचारणार होतो हो! कितीदा विचारणार होतो! तिकडे मी एकेक महिना मारत हिंडलो, आणि एक अख्खा महिना इथं माझ्या पाठीमागं, अर्धा अर्धा करून, भिंतीवर जमत होता!

काळ्यामामानं शेणाची पाटी घेतली आणि वरून खाली हात फिरवायला लागला. रागानं नाही, नेहमीचं सारवण सारवावं तसं, शांतपणे, कोपरे धरून. तीन वर्षं गेली… आवणी गेली, मळणी गेली, भाकर खाताना बघायची ती सगळी भिंत गेली. काम झाल्यावर हात धुतले आणि म्हशीकडे बघायला गेला.

मी वळलो तर दारात हिरी. नवं लुगडं हातावर तसंच घडी केलेलं. तिनं सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "हिरी…" आणि पुढचे शब्द वाटेला लागले. लाडक्याकडे गेलीस तर मी काही बोलणार नाही, असं म्हणणार होतो. जाऊ नको, असंही म्हणणार होतो. दोन्ही एकदम निघाले आणि दारात अडकले.

तिनं लुगडं आत ठेवलं. चुलीपाशी गेली, पिठाची वाटी आणली. ओल्या भिंतीसमोर उभी राहिली. बोट बुडवलं, आणि वरच्या कोपऱ्यात, जिथून तीन वर्षांपूर्वी सुरुवात झाली होती तिथंच, एक रेघ ओढली. पहिली!

तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तीन वर्षं आणखी थांबते म्हणते! लाडक्याचे बैल गेले खड्ड्यात! मी डोळे पुसून नीट बघितलं… अर्धी होती. सकाळी मी शेठकडे गेलो होतो ना.

मी म्हटलं, "अगं, आजची तरी पुरी धर…" हे मात्र मी पटकन म्हटलं हं, जन्मात पहिल्यांदा! पण तोवर तिनं वाटी माझ्या हातात ठेवली होती, विळा कमरेला खोचला होता, आणि ती उतारावरून शेताकडे चालायला लागली होती.